सावलीचं माप

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. सालमिया, कुवेत

रोज पन्नाससाठ जणांच्या दंडाला पट्टा बांधते. आज स्वतःच्या दंडाला बांधला जाताना मान फिरवली. लॅबमधली मल्याळी सिस्टर हसायला लागली. पिवळ्या टोपणाची एकच नळी, चार मिली रक्त. अर्धा तास गोठू दिलं, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं आणि वर आलेलं सीरम उजेडासमोर धरून पाहिलं. नितळ, गवती चहाच्या रंगाचं. लालसर झाक असती तर परत टोचून घ्यावं लागलं असतं. बारकोडवर नावाऐवजी 'स्टाफ' टाकलं. आमच्याकडे बातमी नळीपेक्षा वेगाने फिरते.

बीटा एचसीजीला, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीला, आमचं मशीन १८ मिनिटं घेतं. तेवढ्यात मी तिघांचं रक्त काढलं आणि तिघांचीही शीर पहिल्या टोचणीत सापडली, याचं अजून नवल वाटतंय.

४१२.

पाळी ६ डिसेंबरची, म्हणजे उद्या पाच आठवडे पूर्ण. पाच आठवड्यांना हा आकडा १८ पासून सात हजारांच्या पुढे कुठेही असू शकतो. भिंतीवरच्या तक्त्यातच तसं छापलंय. एकटा ४१२ फक्त 'आहे' एवढंच म्हणतो. कसं आहे ते शनिवारी, दुसऱ्या नळीत.

त्याच सीरमवर ड जीवनसत्त्वही लावलं होतं. ३५ आला. क्षणभर बरं वाटलं, मग नजर एककावर गेली. आमच्या लॅबमध्ये ड नॅनोमोलमध्ये देतात. आपल्याकडच्या नॅनोग्रॅममध्ये आणायला अडीचने भागायचं. चौदा. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, हे मी दिवसातून दहा जणींना सांगते.

मागच्या वेळी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, नऊ होता. त्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

शुक्रवार, १० जानेवारी

सुट्टी. सकाळी ताईचा पुण्याहून फोन. तिला रिपोर्टचा फोटो पाठवला होता. "अगं, ३५ म्हणजे मस्त आहे की! माझा तर १८ आलाय." तिला अडीचचा भागाकार समजावला. गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे वाळवंटात राहून तू माझ्यापेक्षाही चार खाली? आईला सांगू नकोस."

हेच आईच्या डोक्यात बसलंय. एवढं ऊन त्या देशात, आणि माझ्या पोरीला ड कमी! मी तरी काय सांगणार. दुपारी हारिसकडून, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडून, गच्चीची किल्ली मागितली. आमचा हारिस बांगलादेशी. "दीदी, छत पे क्या काम?" त्याला सावली मोजायची आहे असं सांगितलं असतं तर किल्ली मिळाली नसती. गादी वाळवायची म्हटलं.

पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेनांच्या मधे जरा मोकळी जागा सापडली. शुक्रवारच्या नमाजाची अजान होण्याआधी उभी राहिले आणि नवऱ्याने शिवणाच्या डब्यातली टेप जमिनीवर धरली. टेप दीडशे सेंटिमीटरची, सावली तिला पुरेना. दुसऱ्यांदा लावावी लागली. १९६. माझी उंची १५८.

आमच्या कॉलेजात एका सरांनी सांगितलेला ठोकताळा: सावली आपल्यापेक्षा लांब पडत असेल तर त्या उन्हात ड नावापुरताच बनतो. कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलच्या नातेवाइकावर विशिष्ट अतिनील किरण पडावे लागतात, आणि तिरप्या उन्हात ते वरच्या ओझोनमध्येच गळून जातात. खाली येते ती ऊब. कुवेत २९ अंशांवर, आमची मिरज १७ च्या आत. मिरजेत ऐन डिसेंबरातही भर दुपारची सावली माणसापेक्षा आखूडच असते. इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती आखूड होतच नाही.

आणि उन्हाळ्यात? ऊन सरळ डोक्यावर, पण इथल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश मोजलेत. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करवून घ्यायला सरकारची बंदी असते. म्हणजे ऊन सोसवतं तेव्हा ते तिरपं, आणि सरळ असतं तेव्हा सोसवत नाही. घरातल्या काचांना काळी फिल्म, तिच्यावर लोक चांदीचा कागद चिकटवतात. फिल्म नसली तरी फरक नाही म्हणा. साधी काचसुद्धा ते किरण आत येऊ देत नाही. रस्त्यावर खणणारे मजूर दिवसभर उन्हात, पण डोळे सोडून सगळं फडक्यात गुंडाळलेलं. नवरा अहमदीच्या साइटवर, कव्हरॉल, हेल्मेट, हातमोजे. त्याचा ड माझ्यापेक्षा बरा असेल असं वाटलं होतं. अकरा निघाला.

शनिवार, ११ जानेवारी

८६६.

दोन दिवसांत दुपटीच्या वर. एवढ्या लवकरच्या दिवसांत निदान निम्म्याने तरी वाढायला हवा, असा डॉक्टरांचा हिशेब असतो. मागच्या वेळी ११८०, मग १२४०, मग खाली. आज प्रिंटरमधून कागद निघताना हात त्याच्या तोंडाशीच धरून ठेवला होता.

एचसीजी ही वारेची पहिली हाक. खरं तर वार अजून झालेलीच नाही. गर्भाच्या बाहेरच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात मुळं घालतायत, आणि त्याच पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतायत. निरोप अंडाशयातल्या पीतपिंडाला: थांब, सुकू नकोस, प्रोजेस्टेरॉन बनवत राहा. पीतपिंडाने ऐकलं नाही तर अस्तर सुटतं आणि पाळी येते. मिरजेला डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करताना बाई हे फळ्यावर पिवळ्या खडूने काढायच्या, आणि आम्ही मुली खाली माना घालून वहीत उतरवायचो, कारण मागच्या बाकांवर मुलं होती. तेव्हा त्या धड्यातलं मला सगळ्यात मजेशीर वाटलं ते हे, की १९२७-२८ च्या सुमाराला बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक गरोदरपण ओळखायला बायकांची लघवी उंदरीच्या पिल्लांना टोचायचे. पाचेक दिवसांनी पिल्लाचं अंडाशय बघायचं. आमची १८ मिनिटं त्यामानाने काहीच नाहीत, तरी जात नाहीत.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

आई व्हिडिओवर: "तीळ उष्ण असतो गं. जिभेला लाव नि ठेव." लॅबमध्ये तिळगूळ वाटला. इजिप्तचा फार्मासिस्ट म्हणाला, आमच्याकडे हे सिमसिमिया. मी वडी कागदात गुंडाळून खिशात घातली, ते सिस्टरने पाहिलं. बोलली काही नाही. दुपारी माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवलेलं दिसलं.

सोमवार, २७ जानेवारी

सोनोग्राफी. सात आठवडे तीन दिवस. १२ मिलिमीटर आणि मधे एक टिमटिमणारा ठिपका. दुकतोराने आवाज मोठा केला. (इथे बाई डॉक्टरला सगळे दुकतोरा म्हणतात; मराठी बायकाही 'आमच्या दुकतोरा' असं आदरार्थी बहुवचनी बोलतात.) "मबरूक, हबीबती." मी मान हलवली, बोलता आलं नाही.

ड साठी रोज २००० युनिटांची गोळी लिहून दिली. मी विचारलं, आठवड्याला एक मोठी का नको? म्हणाल्या, रोज थोडी घे, विसरू नकोस. आईने मात्र कुणाच्या तरी हाती साठ हजारवाल्या पुड्या पाठवल्यायत, चार. साठ हजार युनिट ऐकायला भयंकर वाटतं. वजनात तो दीड मिलिग्रॅम. पुड्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात पडून आहेत. पाठवल्या म्हणून आई समाधानी, घेतल्या नाहीत म्हणून मी.

हा आठवडा महत्त्वाचा, हे मला ठाऊक आहे, म्हणून भीती जास्त. सातव्या ते नवव्या आठवड्यात कारभाराची खांदेपालट होते. तोवर प्रोजेस्टेरॉन पीतपिंड पुरवतं, पुढे वार स्वतः. १९७० च्या दशकात चापो नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढलं तर गर्भ पडतो, नवव्यानंतर काढलं तर टिकतो. मधले दोन आठवडे दोन्ही दुकानं उघडी.

उलट्या सुरू. फोडणीचा वास आला की संपलं. हिंग नाही, जिरं नाही, मोहरी तर लांबच. आम्ही शिकलो तेव्हा याचा दोष एचसीजीला होता. आता तो जीडीएफ१५ नावाच्या दुसऱ्याच संप्रेरकावर आलाय, तेही मुख्यतः वारेतूनच येतं. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये फेजो आणि सहकाऱ्यांनी लिहिलंय की गरोदरपणाआधी ज्या बाईच्या रक्तात ते कमी, तिला गरोदरपणात जास्त त्रास. शरीराला सवय नसते ना. बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांत ते आधीपासूनच भरपूर, म्हणून त्यांना ओकाऱ्या कमी. बेसिनवर वाकलेली असताना हे आठवून उपयोग शून्य.

शनिवार, १ फेब्रुवारी

हळदीकुंकू. सालमियातच एका काकूंच्या फ्लॅटवर, चाळीसेक बायका, चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत. वाण म्हणून स्टीलची चहाची गाळणी. काकूंनी आधीच बजावलं होतं, "तू लॅबमधली, पाच मिनिटं ड जीवनसत्त्वावर बोल. सगळ्यांचाच कमी आहे."

खरंच सगळ्यांचा कमी. इथे बाळंतीण झालेल्या बायका आणि त्यांच्या नवजात बाळांचं रक्त तपासून कुवेतच्याच डॉक्टरांनी २००५ मध्ये लिहिलंय: आयांत कमतरता, बाळांत त्याहून जास्त. बाळाचा ड आईकडूनच वारेतून जातो, आणि आईपेक्षा थोडा कमीच पोचतो. आईचाच खिसा रिकामा तर बाळाच्या हातावर काय पडणार? आईच्या दुधातही ड अगदी कमी, म्हणून बाळाला रोज ४०० युनिटांचे थेंब देतात.

मला भाषण येत नाही. म्हणून नाशिकची गोष्ट सांगितली. १९२२ साली हचिसन आणि शाह यांनी मुडदुसावर एक लेख लिहिला, निरीक्षणं नाशिककडची. खायची भ्रांत असलेल्या, दिवसभर उघड्यावर हिंडणाऱ्या पोरांत त्यांना मुडदूस दिसला नाही. तो दिसला सुखवस्तू घरांत, पडद्यात राहणाऱ्या बायकांत आणि त्यांच्या मुलांत. तूपरोटी खाणाऱ्यांची हाडं मऊ, भाकरीच्या तुकड्यावर राहणाऱ्यांची घट्ट. अशा बायकांचं कटीर वाकडं व्हायचं आणि बाळंतपणात जीवावर बेतायचं. 'मुडदूस' म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "माझी सासू शिवी म्हणून वापरायची, मेल्या मुडदुशा!" एकच हशा. पण मग कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे आपणच की त्या वाड्यातल्या. फक्त वाडा एसीचा."

सगळं इथेच संपलं असतं तर बरं. एक मुलगी उठली, सत्तावीसअठ्ठावीसची, अब्बासियाकडून आलेली. हातात मोबाइल. "ताई, ड वाढवला की बीटा वाढतो ना? मी वाचलंय. माझं दुसरं आयव्हीएफ आहे."

चाळीस जणी माझ्याकडे बघायला लागल्या. जे खरं वाटतं तेच सांगितलं. वार आणि ड यांचं नातं आहे. एरवी मूत्रपिंड करतं ते शेवटचं काम, ड ला कामाच्या रूपात आणायचं, ते वारही करते. गरोदरपणात आईच्या रक्तातलं ते कामाचं रूप पहिल्या तिमाहीपासूनच चढतं आणि शेवटी दुप्पट-तिप्पट होतं. हाडांना तर एवढं लागत नाही. मेक्सिकोतल्या संशोधकांनी वारेच्या पेशी बशीत वाढवून त्यांच्यावर हे रूप टाकलं, तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढलं. एचसीजीने मात्र गंमत केली: सहा तासांनी वाढलं, चोवीस तासांनी घटलं.

"म्हणजे वाढतो का घटतो?"

"बशीत दोन्ही. पोटात काय, ते बशीवरून सांगता येत नाही."

"पण कमी असेल तर?"

"कमी असेल तर गोळी घे. हाडांसाठी घे, बाळाच्या हाडांसाठी घे. बीटासाठी म्हणून घेऊ नकोस."

तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नसतं. तिला काहीतरी हातात हवं होतं, आणि मी हातातलंच काढून घेतल्यासारखं झालं. निघताना दारात तिचा हात धरला. माझं मी काही सांगितलं नाही. तीन महिने व्हायचेत अजून. पण काकूंनी ओटीत तीळ न घालता खोबऱ्याची वाटी घातली. कळलं वाटतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. रथसप्तमी

आई अंगणात रांगोळीचा रथ काढते आणि गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवते. मी बाल्कनीच्या कठड्याशी इंडक्शनवर स्टीलच्या पातेलीत, जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, आणलेलं दूध, पाकिटावर 'ड जीवनसत्त्व घातलेले' असं अरबीत. पूर्वेला उतू जायला हवं. इंडक्शनवर ते चारी बाजूंनी गेलं. नवरा म्हणाला, सूर्यालाच दुधातून ड पाठवणारी तू पहिली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पुन्हा गच्ची. हारिसने या वेळी न विचारता किल्ली दिली. बाराच्या ठोक्याला सावली १५५. माझ्याहून तीन सेंटिमीटरने आखूड. टेप जवळजवळ पुरली.

बाह्या कोपराच्या वर घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसले. सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. शेजारच्या गच्चीवर कबुतरांची खुराडी आहेत. एक म्हातारा कुवेती पांढऱ्या दिशदाशात त्यांना दाणे घालत होता. मला बघितल्यावर त्याने पाठ फिरवली, अगदी सभ्यपणे, आणि माझ्याकडे पाठ करूनच काम संपवलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवायला हवा. सकाळी एक बाई, मराठी नव्हे. पाळी चुकलेली, दुकतोराने बीटा आणि ड सांगितलेलं. बीटा आला अगदी थोडा, सातव्या आठवड्याला न शोभणारा. ड आला २४० च्या वर. म्हणजे आपल्याकडच्या नॅनोग्रॅममध्ये शहाण्णवच्याही वर. कुवेतमध्ये, बुरखा घालणाऱ्या बाईचा?

दोन आकडे विरुद्ध दिशांना पळालेले बघून मला शंका आली. बाहेर जाऊन विचारलं, केसांसाठी काही घेता का? घेत होती. बायोटिनच्या दहा हजार मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, दोन महिने. समुद्राचं पाणी गोड करून नळाला येतं, त्याने केस गळतात असं इथे प्रत्येक बाई मानते, आणि प्रत्येक फार्मसीत या गोळ्यांची वेगळी फळी असते.

भानगड अशी. बऱ्याच मशिनांत तपासणीचा रेणू मण्यांवर अडकवायला बायोटिन वापरतात. मणी म्हणजे एसटीतली बाकडी म्हणा. बाईच्या रक्तात गोळीतलं बायोटिन भरपूर असलं की तेच आधी चढून बसतं, आपला प्रवासी खाली राहतो आणि मशीन जो उजेड मोजतं तो कमी पडतो. एचसीजीच्या तपासणीत उजेड कमी म्हणजे आकडा कमी. ड च्या तपासणीची चाल उलटी. तिथे उजेड कमी म्हणजे आकडा जास्त. एकाच गोळीने एक आकडा पाडला, एक चढवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याचा इशारा दिलाय आणि काही कंपन्यांनी नंतर रसायनं बदलली, पण सगळीकडची नाही.

रिपोर्ट थांबवला. दुकतोराला फोन केला. गोळी तीन दिवस बंद करून परत यायला सांगितलं. एखादीला त्या कागदावर 'गर्भ नीट वाढत नाही' असं सांगितलं गेलं असतं.

आणि मग मी काय केलं? संध्याकाळी माझं स्वतःचं सीरम लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. मशीन दहा हजारांच्या वर मोजत नाही, शंभर पट पातळ करावं लागलं. १,३८,०००. घरी येताना गल्फ रोडवर गाडी चालवत नवऱ्याला सांगितलं, तो भडकला. "हलवायाने स्वतःच्या दुकानातलं खायचं नसतं."

सोमवार, २४ फेब्रुवारी

खाल्लं. ९१,०००.

दहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठून तो उतरतोच. वारेने स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवायला घेतलं की पीतपिंडाला हाका मारायची गरज उरत नाही. शंभर बायकांना मी हे समजावलं असेल. तरी स्टुलावर बसले आणि हातापायांतलं बळ गेलं. सिस्टरने कागद हातातून काढून घेतला आणि फाडला. उद्यापासून तुझं रक्त काढणार नाही म्हणाली. मल्याळीत आणखीही काही म्हणाली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

इथला मुक्तिदिन, आपली महाशिवरात्र. बाहेर पोरं गाड्यांवर फुगे नि फेस मारतायत, वारा असा गार की खिडकी उघडवत नाही. उपास करायचा नाही असं आईने तीनदा बजावलं.

आज बसून २०२३ चा कागद काढला. फाइलच्या तळाशी होता. एका पानावर वर बीटा, खाली ड. ११८०, १२४०. नऊ. एकाच पानावर, एकाच शाईत. दीड वर्ष मी त्या दोन ओळींच्या मधे रेघ ओढत बसले होते. उन्हात गेले असते तर. गोळी विसरले नसते तर. आई म्हणाली होती, "एसीत बसून बसून झालं हे." तिला दुखवायचं नव्हतं. तिला तिच्या समजुतीचं कारण सापडलं, मला माझ्या शास्त्राचं. माझं जरा जास्त शहाण्यासारखं दिसतं, एवढंच.

सुरुवातीला पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्तांत गुणसूत्रांचाच घोळ असतो. तो पहिल्या दिवशी ठरलेला असतो, ऊन असो नसो. तो आमच्या कागदावर छापला जात नाही, कारण ती तपासणीच कुणी लावलेली नसते. जे मोजलं त्यालाच आपण गुन्हेगार धरतो. लॅबमध्ये दिवसभर हेच बघते, आणि माझ्या पानावर मला दिसलं नाही.

ढाक्याचा एक मोठा प्रयोग पुन्हा वाचला, २०१८ चा. तेराशे गरोदर बायका, आपल्यासारख्याच वर्णाच्या, ड कमी असलेल्या. काहींना आठवड्याला २८,००० युनिटांपर्यंत दिलं. रक्तातला ड झकास वाढला. बाळं वर्षाची झाल्यावर उंचीत फरक नाही. आता कुणी म्हणेल, त्यांनी सुरुवात पाचव्या महिन्याच्या सुमाराला केली, वार तर तेव्हा बांधून झालेली असते. खरं आहे. पहिल्या आठ आठवड्यांत बाई प्रयोगात सापडणार कशी? तिलाच पत्ता नसतो. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या गरोदर बायकांना सरसकट ड द्या म्हणत नाही. कमतरतेची शंका असेल तिला रोज २०० युनिट म्हणते. माझ्या दुकतोरा त्याच्या दहापट देतात. मी घेते. रात्री जेवणाबरोबर, कारण ड चरबीत विरघळतो. तुपासोबत, आईच्या समाधानासाठी.

कागद परत फाइलमध्ये ठेवला. फाडला नाही.

सोमवार, ३ मार्च

रमजानचा तिसरा दिवस. क्लिनिक रात्री उशिरापर्यंत, दुपारी शुकशुकाट. लॅबमध्ये पाण्याची बाटली टेबलाखाली लपवून पिते. कुणी काही म्हणत नाही, पण समोर पिववत नाही.

बारा आठवडे तीन दिवस. मानेमागची जाडी १.४, ठीक. डबल मार्करसाठी रक्त दिलं, सिस्टरने शपथ मोडली. यात वारेचेच दोन पदार्थ मोजतात, सुटा बीटा आणि पॅप-ए. आकडा थेट देत नाहीत. त्या आठवड्याच्या बायकांच्या मधल्या आकड्याच्या तुलनेत किती पट ते देतात. फॉर्मवर माझं वजन, वय आणि वंश विचारला, कारण मधला आकडा बाईबाईनुसार बदलतो. कॉम्प्युटरच्या यादीत 'दक्षिण आशियाई' होतं. मिरज त्यात बसते म्हणायची.

रात्री आईने अखेर मावशीला, काकूला, शेजारच्या आजींना, बहुतेक अख्ख्या गल्लीला सांगितलं.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा, आणि इथे ईद

दोन्ही सण एकाच दिवशी. खाली मुलं नव्या कपड्यांत ईदी मागत हिंडतायत. गुढी बाल्कनीत, झाडूच्या दांड्याची, वर आईने पाठवलेला खण आणि तांब्या. कडुलिंब इथे रस्त्याकडेला सापडतो. हारिसनेच डहाळी आणून दिली. त्याला श्रीखंड दिलं, त्याने शेवयांची खीर दिली.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी गच्चीत गेलो. सोळा आठवडे, ड्रेस सैल. नवरा टेप उलगडत गेला आणि बरोबर निम्म्यावर थांबला. ७५. आता पाचदहा मिनिटं पुरतील, आणि दोन महिन्यांनी पाच मिनिटंही उभं राहवणार नाही.

आईचा फोन आला. "ड किती झाला गं?"

"रक्त काल दिलंय. नळी फ्रिजमध्ये आहे, ईदच्या सुट्टीनंतर लावतील."

"तूच लाव की जाऊन."

"सिस्टरने किल्ली काढून घेतलीय."